अपत्यप्राप्ती आणि शर्करेचे सूक्ष्म आवरण

गेल्या पर्युषणात नाशिकमधील एका स्नेह्यांच्या घरी जाणे झाले. मुलाच्या विवाहास सहा वर्षे लोटली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. सुनेच्या तपासण्यांची जाड फाईल समोर आली. मुलाच्या तपासणीविषयी विचारताच उत्तर मिळाले, "तो तर धडधाकट आहे!" त्या वाक्याने मला या विषयाच्या वाचनाकडे वळविले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा सुमारे निम्म्या दाम्पत्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो. धडधाकट शरीर ही त्याविरुद्धची हमी नव्हे.

वृषणात शुक्राणू तयार होण्यास साधारणतः अडीच महिने लागतात. परंतु तेथून निघालेल्या शुक्राणूला ना नीट पोहता येते, ना अंडपेशी फलित करता येते. हे सामर्थ्य त्याला अधिवृषणात लाभू लागते. अधिवृषण म्हणजे वेटोळे घालून बसलेली सुमारे सहा मीटर लांबीची सूक्ष्म नलिका. तेथील काही दिवसांच्या प्रवासात शुक्राणूवर शर्करेच्या रेणूंनी युक्त अशी प्रथिने चढतात आणि त्याचे आवरण बदलते. ही डब्यातील साखर नव्हे. गोड खाऊन हे आवरण सुधारत नाही. उलट अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू शुक्राणूंना घातकच.

हे आवरण शुक्राणूला स्त्रीदेहाच्या प्रतिकारशक्तीपासून वाचविते आणि गर्भाशयमुखातील चिकट स्रावातून पार नेते. पुढे त्याचा काही भाग गळून पडतो व शुक्राणू फलनास सिद्ध होतो. फलनापूर्वीच्या या सिद्धतेचा शोध १९५१ मध्ये चँग व ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे लावला. अंडपेशीच्या कवचावरही शर्करेच्या साखळ्या असतात. त्यांवरून शुक्राणू तिला ओळखतो, असे २०११ मधील संशोधनाने दाखविले. बँकेत धनादेशावरील सही नमुना-सहीशी ताडून पाहतात, तशीच ही ओळख!

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली. आवरणातील 'बीटा डिफेन्सिन १२६' या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या पुरुषांचे शुक्राणू संख्येने व हालचालीने नेहमीसारखे दिसतात, पण त्या चिकट स्रावातून पुढे सरकताना अडखळतात. म्हणजे साधा अहवाल उत्तम असला, तरी प्रश्न संपतोच असे नाही.

तरीही आरंभ साध्या वीर्यतपासणीनेच करावा. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यावा लागतो. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही. वीर्यात फ्रुक्टोज ही शर्करा शुक्राशयातून येते व शुक्राणूंना ऊर्जा देते. ती आढळली नाही, तर मार्गात अडथळा असल्याची शंका घेता येते.

दोष निघाला तरी वाट खुंटत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मास आली. पुढे एकच शुक्राणू थेट अंडपेशीत सोडण्याची पद्धतही आली. तीत आवरणाच्या बहुतेक परीक्षा टळतात.

आपला धर्म अनेकांत शिकवितो. मग केवळ सुनेकडे बोट दाखविणारी एकांत दृष्टी आपल्या घरात कशी शोभावी?

त्या मुलाने अखेर तपासणी करून घेतली. अहवाल सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु सुनेच्या फाईलशेजारी आता त्याचीही फाईल आहे.