मालवण : एका किनारी गावाचा स्वभाव

एखाद्या गावाची माहिती देणे सोपे असते. त्याचा स्वभाव सांगणे मात्र कठीण. माहिती नकाशात आणि दप्तरात सापडते. स्वभाव सापडतो तो त्या गावची माणसे कष्ट कसे वाटून घेतात, देवाशी कसे वागतात आणि आपापसांत कोणत्या बोलीत बोलतात, यांत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण या लहानशा बंदराचा विचार येथे याच तीन अंगांनी करावयाचा आहे.

मालवणचे नाव इतिहासात दुमदुमले ते किल्ल्यामुळे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्यात महाराजांचे मंदिर आहे आणि तेथील मूर्ती दाढीविरहित, जणू एखाद्या दर्यावर्दी पुरुषाची वाटावी अशी आहे. राजाला आपल्यासारखे रूप देणारी ही श्रद्धा मालवणी मनाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा मराठा किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा समावेश झाला, ही आपणां सर्वांना अभिमानास्पद गोष्ट होय.

परंतु किल्ला हे मालवणचे मुख झाले. त्याचा प्राण आहे तो समोरच्या वाळूवर. गाबीत समाजाच्या मच्छीमारांची ‘रापण’ ही पारंपरिक मासेमारी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. होडीतून एक लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि दोन्ही बाजूंनी अनेकांनी मिळून ते ओढायचे. हे काम एकट्याचे नव्हे. यात जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो आणि ओढणाऱ्या हातांचाही असतो. बांगडा-तारलीचा थवा किनाऱ्याजवळ आला तर सर्वांचे भले आणि न आला तर सर्वांचीच निराशा. लाभ आणि हानी एकत्र सोसण्याची ही सवय हाच मालवणच्या स्वभावाचा पहिला धागा आहे.

दुसरा धागा श्रद्धेचा. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावाचून येथील दर्यावर्दी नव्या हंगामाचा विचार करीत नाही. दिवाळीत रामेश्वर-नारायणाची पालखी गावात निघते. भक्ताने देवळात जावे हा जगाचा शिरस्ता, येथे देवच भक्तांच्या भेटीस येतो. याच तालुक्यातील आचरे गावची ‘गावपळण’ तर विलक्षणच म्हटली पाहिजे. काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल घेऊन अवघा गाव, गुराढोरांसह, तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. रिकामे घर मागे ठेवून सर्वांनी एकाच आकाशाखाली झोपणे, यात श्रद्धेइतकीच सामाजिक समतेची शिकवणही दडलेली आहे.

तिसरा धागा भाषेचा. आणि येथे बडोदेकरांनी विशेष लक्ष द्यावे. प्रमाण मराठीत आपण ‘घोडा’ म्हणतो. मालवणी माणूस ‘घोडो’ म्हणतो आणि आपला गुजराती शेजारीही ‘घोडो’च म्हणतो. हा योगायोग नव्हे. संस्कृतातील ‘घोटक’ प्राकृतात ‘घोडओ’ झाला. पुढे गुजराती, राजस्थानी, कोंकणी आणि मालवणी यांत शेवटचा ओकार टिकून राहिला, तर प्रमाण मराठीने आकार स्वीकारला. ‘मला’ ऐवजी ‘माका’, ‘करायला’ ऐवजी ‘करूक’, ‘मुलगा’ ऐवजी ‘झील’ ही रूपे ऐकून पुष्कळांना मालवणी म्हणजे मराठीचा अपभ्रंश वाटतो. वस्तुतः ती पश्चिम किनाऱ्याच्या भाषापरंपरेतील एक स्वतंत्र वळणाची बोली आहे. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ही बोली मुंबईच्या प्रेक्षागृहांत प्रतिष्ठित केली. मात्र त्या यशाची एक दुसरी बाजूही आहे. मालवणी ही केवळ हसण्यासाठीच आहे, असा समज त्यामुळे रूढ झाला.

तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण घेऊ. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर बास्क लोकांची लहान लहान मच्छीमार बंदरे आहेत. त्यांतील गेतारिया हे एल्कानोचे गाव. १५२२ मध्ये पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतलेल्या जहाजाचा तो कप्तान. या बंदरांतही मच्छीमारांचे जुने संघ आहेत आणि ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषाकुलाशी नाते सिद्ध न झालेली बास्क भाषा आहे. जनरल फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५ या काळात, ती शाळांतून आणि सार्वजनिक जीवनातून हद्दपार करण्यात आली. तरीही ती टिकली. १९६८ मध्ये तिच्या प्रमाण लेखनरूपाचा पायाही घातला गेला. घरात, होडीत आणि मासळीच्या धक्क्यावर ती कामाची भाषा राहिली, हे तिच्या टिकण्याचे एक मोठे कारण होय. मालवणीवर कोणी बंदी घातली नाही. तिच्यापुढचा धोका वेगळा आहे : ज्या कामात ती बोलली जाते ते कामच ओसरत चालले आहे.

यांत्रिक पर्ससीन जाळी खोल पाण्यातच माशांचे थवे वेढून घेतात. मग किनाऱ्यावर ओढावयाच्या रापणीला काय उरणार? पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ लढ्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, परंतु संघर्ष शमला नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि मच्छीमारांच्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. त्यातून चार पैसे हाती आले, हे नाकारता येणार नाही. पोटाच्या प्रश्नाला दुरून उपदेश करणे शोभत नाही. तथापि रापण ओढताना शंभर हातांना एक ताल लागतो. पाहुणा मात्र ज्याच्या त्याच्या दारी स्वतंत्रपणे येतो. वाटा गेला की एकत्र येण्याचे निमित्त जाते, आणि जाळे, वारा, भरती-ओहोटी यांविषयीचे शेकडो शब्दही त्याबरोबर मुके होतात.

हा प्रश्न केवळ मालवणचा आहे काय? बडोद्याने १९०९ पासून २०१८ पर्यंत अनेकदा मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले. परंतु संमेलन हा भाषेचा सण आहे. तिचा संसार नव्हे. आपल्या घरांतील मराठी आज कोणत्या सामाईक कामात वापरली जाते? केवळ गणेशोत्सवातील आरतीत आणि लग्नपत्रिकेत ती उरली, तर तिची अवस्था वाळूवर सुकत टाकलेल्या जाळ्यासारखी होईल : दिसावयास सुंदर, परंतु पाण्याला पारखी. हिशेब, स्वयंपाक, भांडण आणि समेट यांत जी बोली लागते तीच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. मालवणच्या वाळूवरून बडोद्याने घ्यावयाचा धडा हाच आहे. जाळ्याचे टोक दोन्ही बाजूंनी धरणारे हात असावे लागतात. त्यांतील एक बाजू आपली आहे.