बोलपटातून रंगमंचावर : ‘व्हाइट ख्रिसमस’

नाटकावरून बोलपट निघतो, हे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. पण बोलपटावरून नाटक, आणि तेही गाण्यानाचाचे, असा उलटा प्रवास अमेरिकेत पुष्कळदा घडला आहे. त्यातलेच हे एक उदाहरण पाहा.

‘व्हाइट ख्रिसमस’ हा नाताळचा बोलपट १९५४ सालचा. त्याची कथा साधी. १९४४ च्या नाताळची आदली रात्र. युरोपातल्या आघाडीवर दोन शिपाई आपल्या सोबत्यांपुढे गाण्याचा खेळ करताहेत, आणि त्यांचे जनरल वेव्हर्ली पलटणीचा निरोप घेताहेत. पुढे दहा वर्षांत हे दोघे नामांकित कलावंत होतात. गाणाऱ्या दोघी बहिणींच्या सोबतीने ते व्हर्माँट या डोंगराळ राज्यात जातात, तर तिथे लहानसे हॉटेल चालवणारे वृद्ध गृहस्थ म्हणजे तेच जनरलसाहेब! हॉटेल ओस पडलेले. का, तर यंदा बर्फच पडलेला नाही. तिथे हिवाळ्यात गिऱ्हाईक येते ते बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी. मृग कोरडा गेला की आपल्या गावाची जी कळा होते, तीच ही. साहेबांनी तर आयुष्याची पुंजी त्यात घातलेली. मग हे दोघे जुन्या पलटणीला हाक घालतात, तिथेच मोठा खेळ लावतात, आणि शेवटी बर्फ पडतो.

आता हे नाटकगृहात कसे दाखवायचे? बोलपटात जनरलसाहेब जुना गणवेश चढवून येतात, समोर आपली माणसे उभी दिसतात, आणि कॅमेरा त्यांचा चेहरा आपल्याला अगदी जवळून दाखवतो. या नाटकाचा पहिला प्रयोग २००० साली सेंट लुईस शहरातल्या ‘म्युनी’ या उघड्यावरच्या नाट्यगृहात झाला. तिथे सुमारे ११,००० माणसे बसतात. शेवटच्या ओळीला चेहरा काय दिसणार? (आणि म्युनीचा हंगाम असतो उन्हाळ्याचा, बरं का!) धड्यातली गोष्ट संमेलनात बसवणाऱ्या गुरुजींना ही अडचण ठाऊक असेल.

पण या कथेत एक सोय आहे. तिच्या पोटातच एक खेळ आहे. नाटकात तो हॉटेलच्या जुन्या कोठारात होतो, आणि तो सुरू झाला की नाटकगृहच ते कोठार होते. तिकीट काढून आलेली माणसे हॉटेलात जमलेली मंडळी होऊन बसतात. बोलपटात जनरलसाहेबांसाठी टाळ्या वाजवणारी माणसे पडद्यावरचीच. इथे टाळी आपण वाजवायची. म्हणून मला वाटते, ही कथा पडद्यापेक्षा रंगमंचालाच अधिक मानवते.

गाणी आयर्व्हिंग बर्लिन यांची. रशियातून लहानपणी आलेल्या या ज्यू माणसाला स्वरलेखन येत नव्हते. पियानोच्या बहुधा काळ्या पट्ट्यांवरच तो वाजवी, आणि पट्टी बदलायला खास दांडा बसवलेला पियानो वापरी. शीर्षकाचे गाणे बोलपटाहूनही जुने. बिंग क्रॉस्बी यांनी ते २५ डिसेंबर १९४१ रोजी रेडिओवरून गायिले, १९४२ च्या ‘हॉलिडे इन’ या बोलपटात ते आले, आणि महायुद्धात घरापासून दूर असलेल्या शिपायांनी ते उचलून धरले. बर्लिन १९८९ मध्ये वारले. त्यामुळे नाटककार डेव्हिड आइव्ज आणि पॉल ब्लेक यांनी त्यांच्या जुन्या गाण्यांतून निवड केली. ‘आय लव्ह अ पियानो’ तर १९१५ सालचे. अशा गाण्यांपाशी कथानक मध्येच थबकते, हे खरे. पण वन्समोअर घेणाऱ्या संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी त्याबद्दल फार कुरकुर करू नये.

२००८ साली नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. बोलपटात अखेरीस रंगमंचामागचे दार उघडते आणि बाहेर बर्फ दिसतो. इथे खोट्या बर्फाचे कण थेट प्रेक्षकांच्या डोक्यावर, खांद्यावर पडू लागतात.