रेणूच्या चित्रातील अंतर : मोजलेले की काढलेले?

पूर्वी कापड गजाने मोजत, धान्य पायलीने. ‘मोजणे’ ह्या क्रियापदात माप वस्तूस प्रत्यक्ष लावल्याची कल्पना अभिप्रेत असते. रेणूंच्या रचना पडद्यावर दाखविणाऱ्या पायमॉल, जेमॉल इत्यादी संगणकीय प्रणालींतही अंतर मोजण्याची सोय असते. दोन अणू निवडताच त्यांना जोडणारी तुटक रेषा उमटते व तिच्यावर आकडा दिसतो. हा आकडा कोणत्या अर्थाने माप होय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रत्येक अणूचे स्थान तीन सहनिर्देशकांनी सांगितलेले असते. १९७१ साली स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँकेच्या रूढ नोंदपद्धतीत ते आंगस्ट्रॉममध्ये, दशांशचिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत दिलेले असतात. समजा, दोन कार्बन अणूंच्या सहनिर्देशकांत अनुक्रमे १.२, ०.९ व ०.४ असा फरक आहे. त्यांचे वर्ग १.४४, ०.८१ व ०.१६, बेरीज २.४१, तिचे वर्गमूळ सुमारे १.५५. प्रणाली एवढेच करते. तिने रेणूस स्पर्श केलेला नसतो. नोंदलेल्या आकड्यांवर पायथॅगोरसचा सिद्धांत लावलेला असतो.

मग ते सहनिर्देशक आले कोठून? पुष्कळशा प्रथिनांच्या बाबतीत ते स्फटिकावरील क्ष-किरणांच्या विवर्तनावरून आलेले असतात. विवर्तनावरून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा सिद्ध होतो व त्यात अणूंची प्रतिकृती बसविली जाते. केवळ नकाशावरून प्रत्येक अणूचे स्थान ठरविण्याइतका पुरावा बहुधा नसतो. म्हणून लहान रेणूंवरून ज्ञात झालेल्या बंधलांबी व बंधकोन ह्यांचे निर्बंध प्रतिकृतीवर घालतात. अशा प्रतिकृतीत दोन कार्बनांमधील एकेरी बंध १.५३ आंगस्ट्रॉम भरला, तर तो नवा पुरावा नव्हे. आपण घातलेलेच आपणांस परत मिळाले.

परस्परांशी थेट बद्ध नसलेल्या अणूंचे अंतर अधिक बोलके असते, पण तितकेच अनिश्चितही. हायड्रोजन बंधात नायट्रोजन व ऑक्सिजन ह्यांमधील अंतर बहुधा २.८ ते ३.० आंगस्ट्रॉमच्या आसपास असते. खुद्द हायड्रोजन क्ष-किरणांस सहसा दिसत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या जड अणूंमधील अंतर घेतात. विभेदन २ आंगस्ट्रॉम असता अणूच्या स्थानात ०.२ आंगस्ट्रॉमची अनिश्चितता असणे नवलाचे नाही. तेथे २.८१७ आणि २.८६४ ह्यांतील भेदावर निष्कर्ष उभारणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे होय. शिवाय तुटक रेषा आपल्या निवडीने उमटते. ती बंध सिद्ध करीत नाही.

अंतराचा विवेकी उपयोग कसा करावा, ह्याचा आदर्श आपल्याच देशात आहे. गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रथिनशृंखलेतील कोनांचा आलेख मांडला. अबद्ध अणू एका मर्यादेहून अधिक जवळ येऊ शकत नाहीत, एवढ्या आधारावर त्यांनी शक्य व अशक्य रचनांचे क्षेत्र वेगळे केले. अंतराच्या तिसऱ्या दशांशस्थळावर त्यांनी भिस्त ठेवली नव्हती.

तात्पर्य, प्रबंधात असे अंतर देताना रचना कोणत्या पद्धतीने व किती विभेदनाने मिळाली हे सांगावे, आकडा पुराव्यास पेलेल इतकाच ठेवावा, आणि ‘अंतर मोजले’ असे न लिहिता ‘प्रतिकृतीवरून अंतर काढले’ असे लिहावे. ‘काढणे’ हे आपल्या भाषेतील जुनेच क्रियापद येथे यथार्थ आहे. क्रियापद बदलल्याने आकडा बदलत नाही. त्यावर किती विश्वास ठेवावा, हे मात्र वाचकास कळते.