राष्ट्रीय लीग: नाव बदललं, पाटी कोरी झाली नाही

१४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. एटीकेने चेन्नईयनला ३-१ असं हरवून करंडक उचलला. पण त्या हंगामात गुणतक्त्यात पहिला होता एफसी गोवा. मग लीग जिंकली कोणी? इथूनच गोंधळ सुरू होतो.

गैरसमज : भारतात राष्ट्रीय लीग २०१४ साली आली.

वस्तुस्थिती : २०१४ साली आली ती आयएसएल. त्याआधी राष्ट्रीय लीगचे १८ हंगाम होऊन गेले होते. १९९६-९७ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली आणि पंजाबच्या जेसीटीने ती पहिल्यांदा जिंकली. २००७-०८ पासून तिची जागा आय-लीगने घेतली. या १८ विजेतेपदांपैकी ९ गोव्यात गेली: धेंपोची ५, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सची प्रत्येकी २. २००५-०६ मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड जिंकला आणि पुढचे सलग ७ हंगाम करंडक गोव्याबाहेर गेलाच नाही.

गैरसमज : आयएसएल पहिल्या दिवसापासून देशाची अव्वल लीग आहे.

वस्तुस्थिती : पहिले तीन हंगाम ती ऑक्टोबर ते डिसेंबर अशी जेमतेम अडीच महिन्यांची स्पर्धा होती. ती संपली की बरेच भारतीय खेळाडू आपापल्या आय-लीग क्लबात परतायचे. राष्ट्रीय विजेता आय-लीगच ठरवायची. आयएसएलला अव्वल दर्जा देणाऱ्या आराखड्यावर आशियाई महासंघाने ऑक्टोबर २०१९ मध्ये शिक्कामोर्तब केलं.

दोन लीगमधल्या या ओढाताणीत गोव्याचं नुकसान झालं. आयएसएलला वर नेऊ पाहणाऱ्या प्रस्तावित रचनेच्या निषेधार्थ २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. त्यानंतर, आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेल्या मिझोरामच्या ऐजॉल एफसीला परत घेण्यात आलं. त्याच ऐजॉलने २०१६-१७ ची लीग जिंकली. ईशान्य भारताचं ते राष्ट्रीय लीगमधलं पहिलं विजेतेपद!

गैरसमज : फायनल जिंकणारा संघच लीगमध्ये पहिला.

वस्तुस्थिती : आयएसएलमध्ये २०२४-२५ पर्यंत मान दोन होते. साखळी सामन्यांत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला ‘शील्ड’, आणि त्यानंतरच्या बाद फेरीतून जिंकणाऱ्याला करंडक. शील्ड सुरू झाली २०१९-२० मध्ये. एफसी गोवाने १८ सामन्यांत ३९ गुण घेऊन ती पटकावली, मात्र उपांत्य फेरीच्या दोन लढतींत मिळून चेन्नईयनने ६-५ अशी बाजी मारली. म्हणून फातोर्ड्याच्या त्या फायनलमध्ये गोवा नव्हता. पण आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीचं तिकीट शील्डवर मिळालं. तिथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, तेव्हा वादाला जागाच उरली नाही.

गैरसमज : आयएसएलमध्ये पहिल्यापासून तळाचा संघ आपोआप खालच्या श्रेणीत जातो.

वस्तुस्थिती : वर येण्याचा दरवाजा उघडला, खाली जाण्याचा मात्र २०२४-२५ पर्यंत बंदच राहिला. आय-लीग जिंकून पंजाब एफसी आणि नंतर मोहम्मडन स्पोर्टिंग आयएसएलमध्ये आले, पण तळाला राहिला म्हणून त्या काळात कुणीच बाहेर गेलं नाही.

गैरसमज : संतोष ट्रॉफी म्हणजेच राष्ट्रीय लीग.

वस्तुस्थिती : १९४१ पासूनची ही स्पर्धा राज्यांच्या संघांची आहे. लीग क्लबांची.

तेव्हा ‘गोव्याने लीग जिंकलीच कुठे?’ असं कुणी विचारलं, तर आधी ‘कुठली लीग?’ हे विचारा. आयएसएलचा करंडक २०२४-२५ पर्यंत एफसी गोवाच्या हाती आला नव्हता, हे खरंच. पण राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीत गोव्याचं नाव त्याआधीच ९ वेळा लिहिलेलं आहे.