स्वस्त व्होडका, महागडी व्होडका : फरक चवीत किती आणि नावात किती?

जोतिबा (ता. पन्हाळा) : "व्होडका घे, वास येत नाही." गावागावांतल्या पोरांच्या तोंडी हे वाक्य आता पक्कं बसलं आहे. थर्टीफर्स्टला पन्हाळ्याच्या बाजूला होणाऱ्या पार्ट्या असोत, नाहीतर लग्नाच्या आदल्या रात्रीची बैठक असो, देशी पिणारा आणि व्होडका पिणारा यांच्याकडे बघायची नजर वेगळी असते. त्यात परत व्होडकामध्येही जात लागली. दोनशेची क्वार्टर आणणारा वेगळा आणि तीन हजाराची बाटली टेबलावर ठेवणारा वेगळा. या दोन बाटल्यांच्या आत नेमका किती फरक असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

सुरुवात उसापासून करावी लागते. जोतिबाच्या डोंगरावरून खाली बघितलं की उसाचं रान पसरलेलं दिसतं. पायथ्याला आसुर्ले-पोर्लेचा कारखाना, पलीकडे वारणानगरचा. ऊस गाळून साखर काढली की शेवटी जो काळा, घट्ट पाक उरतो ती मळी, म्हणजे मोलॅसिस. (शेतात खत म्हणून टाकतात ती मळी वेगळी, ती प्रेसमड.) एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मोलॅसिस निघतं. ते आंबवून त्याचा अर्क काढला की जवळपास १० लिटर शुद्ध अल्कोहोल हाती येतं. याच अल्कोहोलची एक वाट पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलकडे जाते, एक औषधं-रसायनांच्या कारखान्यांकडे आणि एक दारूच्या बाटलीकडे.

आता हिशेब करा. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. दहा लिटर अल्कोहोलमध्ये तेवढं पाणी घातलं की ७५० मिलीच्या तीसएक बाटल्या भरतात. एक टन ऊस म्हणजे तीस बाटल्या, तेही साखर काढून झाल्यावर. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. बाकीचं ज्याचं त्याने समजून घ्यावं.

दारूसाठी जे अल्कोहोल वापरतात त्याला डिस्टिलरीत ईएनए म्हणतात. साध्या स्पिरिटपेक्षा हे जास्त स्वच्छ, ९६ टक्क्यांच्या आसपास. उंच उंच कॉलममधून वाफ वर चढवत त्यातले वास मारणारे, घसा जाळणारे घटक वेगळे काढलेले असतात. व्होडका म्हणजे हे ईएनए, त्यात शुद्ध केलेलं पाणी, मध्ये कोळशाची गाळणी. बहुतेक ठिकाणी एवढंच. व्हिस्की-रमला रंग असतो, लाकडाचा किंवा इसेन्सचा वास असतो, त्यामुळे खालच्या दर्जाचं स्पिरिट त्यात लपून जातं. व्होडकाला लपायला जागा नाही. म्हणून स्पिरिट चांगलं की वाईट हे व्होडकात लवकर कळायला पाहिजे. हिरव्या सफरचंदाची, संत्र्याची चव घातलेल्या बाटल्या मात्र याला अपवाद, तिथे चव स्पिरिटची नसतेच.

फरक कुठे पडतो? पहिला कच्च्या मालात. मोलॅसिसच्या स्पिरिटला नीट काढलं नाही तर मागे गुळचट, उग्र वास राहतो. धान्याचं स्पिरिट, म्हणजे तांदूळ, मका, ज्वारीचं, थोडं मऊ लागतं असं जाणकार मानतात. मॅजिक मोमेंट्ससारखा देशी ब्रँडसुद्धा आपण धान्यापासून करतो असं सांगतो. स्वीडनची अॅब्सोल्यूट गव्हाची. दुसरा फरक शुद्धीकरणात. स्वस्त मालात हे काम घाईत उरकलं तर पहिल्याच घोटाला नाकात झिणझिण्या येतात आणि घशात स्पिरिटचा चटका बसतो. चांगल्या व्होडकात हा चटका कमी असतो, जीभेला किंचित जाडसर, गोडूस लागतं. एवढाच काय तो चवीचा फरक. तो खोटा नाही, पण तिप्पट-चौपट किमतीएवढा मोठाही नाही.

बाटलीवर "तीनदा डिस्टिल", "पाचदा डिस्टिल" असं छापतात, त्याला फार भुलू नये. आजच्या कॉलममध्ये एकाच फेरीत वाफ कितीतरी ताटल्यांवरून वर जाते, प्रत्येक ताटलीवर थोडं थोडं शुद्धीकरण होतं. मग "किती वेळा" हा आकडा मोजायचा कसा? तो आकडा म्हणजे निव्वळ जाहिरात.

चव आणि नाव यांची गाठ किती सैल आहे याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००५ साली न्यूयॉर्क टाइम्स या पेपरने नावं झाकून २१ व्होडका चाखायला दिल्या. त्यात बहुतेक महागड्या होत्या आणि मध्येच एक साधी स्मिरनॉफ ठेवलेली. पहिली आली स्मिरनॉफ. हीच स्मिरनॉफ आपल्याकडे भारतातच तयार होऊन बाटलीत भरली जाते. नाव रशियन, मालकी ब्रिटिश कंपनीची.

उलट बाजूही सांगायला पाहिजे. २००६ मध्ये मिथबस्टर्स या टीव्ही कार्यक्रमात स्वस्त व्होडका घरगुती कोळशाच्या फिल्टरमधून पुन्हा पुन्हा गाळून महागडीसारखी होते का ते तपासलं. मुरलेल्या चाखणाऱ्याने कोणती किती वेळा गाळलेली ते ओळखलं आणि खरी महागडी वर ठेवली. त्याच्या शेजारी बसलेल्या साध्या माणसांना ते जमलं नाही. म्हणजे फरक असतो, पण तो कळायला जीभ तयार असावी लागते, आणि व्होडका नुसती, थंडगार न करता प्यावी लागते. आपल्याकडे ती पितात कशी? बर्फ, वर स्प्राइट, नाहीतर लिंबू-सोडा, सोबत मसाला शेंगदाणे आणि तिखटजाळ सुकं मटण. गारव्याने वास दबतो, साखरेने चटका दबतो, तिखटाने जीभच बधिर होते. या थाटात तीन हजाराची आणि आठशेची ओळखून दाखवणारा ढाब्यावर सापडणं अवघड. पण बाटली टेबलावर दिसते ना, पैसे त्याचे असतात.

नावाची किंमत कशी तयार होते हेही बघण्यासारखं आहे. ग्रे गूज नावाची फ्रान्सची व्होडका १९९७ मध्ये सिडनी फ्रँक नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बाजारात आणली. तेव्हा महाग समजल्या जाणाऱ्या व्होडकापेक्षाही त्याने दर जाणूनबुजून जास्त ठेवला. महाग आहे म्हणजे भारी असणार, हा माणसाचा स्वभाव त्याला ठाऊक होता. २००४ मध्ये बकार्डी कंपनीने हा ब्रँड दोन अब्ज डॉलरहून जास्त देऊन घेतला. जत्रेत बैलाचा भाव आकडा सांगून चढतो, तसंच हे.

आपल्याकडे किमतीत आणखी एक मोठा वाटेकरी आहे, तो म्हणजे सरकार. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क, लिटरला २६० रुपयांपर्यंत निर्मिती खर्च दाखवलेल्या मालासाठी, खर्चाच्या तिप्पटीवरून साडेचारपट केलं. म्हणजे कंपनीने शंभर रुपये खर्च जाहीर केला तर साडेचारशे रुपये नुसतं शुल्क, वर व्हॅट वेगळा. १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमतही तेव्हा ठरली : देशी ८० रुपये, धान्यापासूनची नवी महाराष्ट्र मेड लिकर १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५ आणि उच्च दर्जाची विदेशी ३६० रुपये. बाहेरून येणाऱ्या बाटलीवर केंद्राचं १५० टक्के सीमाशुल्क असतं. तेव्हा महाग बाटली घेणारा चवीचे पैसे देतो कमी आणि कराचे देतो जास्त.

नशेचं म्हणाल तर दोन्ही बाटल्यांत जवळपास सारखीच. देशात भरलेली स्वस्त बाटली ४२.८ टक्के, बाहेरून येणारी बहुतेक ४० टक्के. महागडीने लिव्हर कमी खराब होतं हा समज चुकीचा आहे. सकाळी डोकं धरणं थोडंफार त्या वास मारणाऱ्या घटकांमुळे वाढतं, पण मुख्य कारण किती प्यायली हेच.

आणि वासाचं काय? व्होडकाला बाटलीत वास कमी असतो, हे खरं. पण पोटात गेल्यावर अल्कोहोल रक्तात जातं, रक्तातून फुप्फुसात येतं आणि श्वासातून बाहेर पडतं. घरच्यांना एकवेळ लगेच कळणार नाही, पोलिसांच्या यंत्राला मात्र बरोबर कळतं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळीच १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाघबीळचा घाट असो नाहीतर केर्लीकडून डोंगरावर चढणारा रस्ता, रात्री वळणावर समोरच्या दुचाकीवाल्याने कोणत्या ब्रँडची प्यायली होती हे विचारून काही उपयोग नसतो.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. भारी ब्रँडची रिकामी बाटली, तिचं बूच आणि खोका यांना बाजारात किंमत आहे. त्यात हलकं स्पिरिट भरून पुन्हा विकायचा धंदा चालतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कारवायांत असा माल सापडत असतो. गोव्यात कर कमी, म्हणून तिथली दारू घाटातून चोरून इकडे येते, तेही सगळ्यांना माहीत आहे. "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं लेबल असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात बाळगणं गुन्हा आहे, आणि वाटेत तिच्यात काय मिसळलं हे कोणाला माहीत नसतं.

इथे चव अजिबात कामाला येत नाही. विषारी मिथेनॉल रंगाने, वासाने, चवीने साध्या अल्कोहोलसारखंच वाटतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाड-मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळेच. पिताना त्यांना काही वेगळं लागलं नसणार. त्रास बहुतेक वेळा बारा-चोवीस तासांनी दिसतो : पोटात कळा, उलट्या, डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं होणं. असं झालं तर "उतरेल" म्हणून घरात झोपवून ठेवू नये, लगेच सीपीआरला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं आणि दारू प्यायली होती हे डॉक्टरांना न लाजता सांगावं. उरलेली बाटली असेल तर सोबत न्यावी. वेळेत उपचार मिळाले तर जीव आणि नजर दोन्ही वाचू शकतात.

बाटली स्वस्त असो की महाग, परवानाधारक दुकानातूनच घ्यावी, बिल मागावं, सील आणि बुचावरचं लेबल फाटलेलं नाही ना ते बघावं. ओळखीच्याने "आतून" अर्ध्या किमतीत भारी ब्रँड आणून दिला तर आधी शंका घ्यावी, कारण वर सांगितलेला कर चुकवल्याशिवाय तो दर बसतच नाही. आणि कार्यक्रम झाल्यावर रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला देताना लेबल फाडून, बूच वेगळं करून, खोका चुरगाळून द्यावा.