पाचवीची रात्र आणि आईचा रक्तदाब

बाळ जन्मून पाच दिवस झाले की सिरसाळ्यात, परळी तालुक्यात, खरं तर मराठवाडाभर, पाचवी पुजली जाते. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर विझू देत नाहीत. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते अशी श्रद्धा, म्हणून घरातल्या बायका जागतात. या जागरणाच्या मुळाशी असलेली भीती खोटी नव्हती. पूर्वी नवजात बाळं दगावत ती बहुतेक पहिल्या आठवड्यातच, आणि जुन्या बायकांनी धोक्याचे दिवस बरोबर हेरले होते. पण सगळ्यांचं लक्ष असतं पाळण्याकडे. नेमक्या याच तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बाजेवरच्या बाळंतिणीचा रक्तदाब प्रसूतीनंतरच्या काळातल्या सर्वांत वरच्या पातळीला पोचलेला असतो, आणि तो मोजायला तिथं कुणी नसतं. प्री-एक्लॅम्प्सिया हा गरोदरपणाचा आजार आहे असं धरून आपण त्याच्यावरचा पहारा बाळंतपणाबरोबर उठवतो. तो पुढचे निदान दहा दिवस घरात, बाजेपर्यंत गेला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. सिरसाळ्यासारख्या गावात हे जमू शकतं आणि त्याचे बरेचसे पुरावे आपल्याच मुलखात सापडतात.

आधी आजार म्हणजे काय ते पाहू. गरोदरपणाचे 20 आठवडे उलटल्यावर, आधी नीट असलेला रक्तदाब चार तासांच्या अंतराने दोनदा मोजून 140/90 किंवा त्याहून जास्त भरला, आणि सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या बिंबिका यांपैकी कशावर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. शंभर गरोदर स्त्रियांमध्ये दोन ते आठ जणींना तो होतो. आकडा 160/110 पर्यंत गेला की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. झटके आले तर तो एक्लॅम्प्सिया. या नावाच्या ग्रीक मुळाचा अर्थच लखकन चमकणं असा आहे, कारण जुन्या वैद्यांना हे झटके आकाशातून वीज पडावी तसे अचानक येतात असं वाटे. काही जणींच्या बाबतीत ते आजही तसंच घडतं, पण बहुतेकींच्या बाबतीत वीज पडण्याआधी ढग भरून आलेले असतात आणि ते रक्तदाबाच्या पट्ट्याला दिसतात. पायावरची सूज मात्र फसवी खूण आहे. ती निरोगी गरोदर बाईलाही येते, त्यामुळे ‘सगळ्यांनाच येते’ हे घरातलं उत्तर चुकीचं नसतं. चूक होते ती त्या उत्तरावर थांबण्यात. चेहरा आणि हात अचानक सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप लागणं यांपैकी काहीही झालं तरी बीपी मोजल्याशिवाय निभत नाही.

आजाराचं मूळ वारेत आहे. गर्भ रुजताना वारेच्या पेशी गर्भाशयाच्या वळणदार रोहिण्यांत शिरून त्यांना रुंद करतात, ओढ्याचा पाट व्हावा तसं. प्री-एक्लॅम्प्सियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, हे काम अर्धवट राहतं, रोहिण्या अरुंद राहतात आणि वारेला रक्त कमी पडतं. दोष बाळाचा नसून वारेचा आहे याचा ठळक पुरावा द्राक्षगर्भात मिळतो. तिथे बाळ नसतं, नुसती बिघडलेली वार वाढत असते, आणि तरीही हा आजार होतो. मूळचे भारतीय, तेव्हा बोस्टनमध्ये काम करणारे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवून दिलं की अशी वार आईच्या रक्तात एक विद्राव्य प्रथिन सोडते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवणाऱ्या वाढघटकांना ते पकडून ठेवतं. मग अस्तर सगळीकडेच बिघडतं, म्हणून एकाच बाईचं डोकं दुखतं, लघवीतून प्रथिन जातं आणि यकृतही सुजतं.

यावरचा पहिला आक्षेप तर्काला धरून आहे. वारेत मूळ असेल तर वार पडली की आजार संपला पाहिजे. डॉक्टरही प्रसूती हाच उपाय सांगतात आणि ते खरंच आहे, कारण विषाचा झरा तिथेच बंद होतो. पण झरा बंद झाला म्हणून बिघडलेलं अस्तर त्या रात्रीच सांधत नाही. त्यात गरोदरपणात अंगात मुरलेलं जादा पाणी आणि मीठ प्रसूतीनंतरच्या काही दिवसांत रक्तवाहिन्यांकडे परततं आणि दाब वाढतो. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाचं शिखर येतं ते बरंचसं यामुळे. काही वेदनाशामक गोळ्याही दाब वाढवू शकतात. शिवाय काही स्त्रियांना गरोदरपणात एकदाही बीपी नसताना हा आजार प्रसूतीनंतर पहिल्यांदा उद्भवतो, आणि झटक्यांचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वाधिक असला तरी तो सहा आठवड्यांपर्यंत पूर्णपणे टळत नाही.

आता हे वेळापत्रक घरच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. नैसर्गिक बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात 48 तास थांबायला सांगतात. म्हणजे बाई घरी पोचते ती दाब चढू लागतो तेव्हा. घरी तिचं डोकं दुखलं तर वारं लागलं म्हणून कान बांधतात, जागरणाने दुखतंय म्हणतात, सिझेरियन झालं असेल तर पाठीतल्या इंजेक्शनला बोल लावतात. यांतलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं, म्हणूनच ते धोकादायक आहे. पहिलटकरीण असेल तर आणखी एक तुटलेला दुवा. हा आजार पहिल्या खेपेला जास्त होतो, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सासरच्या आशाताईंना तिच्या बीपीचा इतिहास ठाऊक असतो, बाळंतपणानंतर घरी येतात त्या माहेरच्या आशाताई. बीड जिल्ह्यात या पहिलटकरणींचं वयही पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत इथल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न 18 वर्षांआधी झालेलं आढळलं.

आशाताई येतात हे खरं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची भेट ठरलेली आहे. पहिल्या दोन भेटी नेमक्या त्या शिखराच्या अलीकडे-पलीकडे पडतात. पण या भेटी बाळासाठी आखलेल्या. संचात वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ असतं, रक्तदाबाचं यंत्र नसतं. आईला ताप आहे का, घाण वास आहे का, ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का, हे विचारलं जातं. झटक्यांचा प्रश्न योग्यच आहे, पण त्याचं उत्तर ‘हो’ येतं तोवर ज्याला अडवायचं होतं ते घडून गेलेलं असतं.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे आणि बीपी मोजणं हे डॉक्टर-नर्सचं काम, असं कुणी म्हणेल. कामाच्या ओझ्याबद्दल मला वाद नाही, त्याचा मोबदला वेगळा आणि वेळेवर दिला पाहिजे. जमेल का, या प्रश्नाचं उत्तर मात्र गडचिरोलीने कधीच दिलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत, जेमतेम शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणं शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला होता. आशाताईंच्या या घरभेटी त्याच कामातून जन्मल्या. जी बाई बाळाचे श्वास मोजू शकते ती आईच्या दंडाला पट्टा बांधू शकते. यंत्र मात्र पारखून घ्यावं लागेल, कारण बाजारातली बरीच स्वयंचलित यंत्रं प्री-एक्लॅम्प्सियात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवणारं, या आजारासाठी तपासलेलं यंत्र बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला वापरून झालं आहे.

याच बेळगाव जिल्ह्यातून माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावाही येतो आणि तो झाकून ठेवणं बरं नाही. बेळगाव-बागलकोट, पाकिस्तान आणि मोझांबिक इथे आशांसारख्या कार्यकर्त्यांनी घरोघरी गरोदर स्त्रियांचा रक्तदाब मोजण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात 69 हजारांहून अधिक गरोदरपणांची नोंद झाली. 2020 मध्ये निकाल आला तो असा की एकंदरीत माता आणि बाळांचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. मग हा खटाटोप कशाला? त्याच आकडेवारीत असंही दिसलं की ज्यांच्याकडे आठ किंवा अधिक भेटी झाल्या त्यांच्यात दुष्परिणाम कमी होते. हा पक्का पुरावा नाही, कारण ज्यांच्याकडे जास्त भेटी होतात त्या घरांची परिस्थितीही वेगळी असू शकते. पण मला त्यातून जे कळतं ते साधं आहे. कधीतरी एकदा मोजून फायदा नाही, आणि मोजल्यावर पुढचा दवाखाना तयार नसेल तर आकड्याचा उपयोग नाही. प्रसूतीनंतरच्या मोजणीबद्दल ऑक्सफर्डच्या 2023 च्या एका लहान चाचणीतला निकाल आशादायक आहे. तिथे बाळंतिणींनी घरी रोज बीपी मोजून त्यानुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदललं, तेव्हा नऊ महिन्यांनंतरही त्यांचा दाब इतरांपेक्षा कमी होता.

पुढचा दवाखाना म्हणजे इथे सिरसाळ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग परळी, मग बालाघाटावरचं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या वाटेवर वेळ जातो, म्हणून उपचार वाटेच्या सुरुवातीलाच हवेत. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत 2015 ते 2017 मध्ये सुमारे 900 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, तीव्र रक्तदाब निव्वळ तोंडावाटे दिलेल्या गोळ्यांनीही सहा तासांत आटोक्यात येतो असं दिसलं. निफेडिपिनने 84 टक्के, लॅबेटालॉल आणि मिथाइलडोपाने तीन चतुर्थांशांहून थोड्या अधिक जणींचा. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे. 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या 2002 च्या चाचणीत त्याने झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी केलं. हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून खेड्यात ते द्यायला भीती वाटते. ही भीती सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी गंभीरपणे घेतली. अमेरिकेतल्या वजनदार स्त्रियांसाठी ठरलेली मात्रा आपल्याकडच्या किरकोळ बांध्याच्या बायकांना कशाला, असा विचार करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत बसवली आणि 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास आणि लघवी पाहत राहिलं तर पहिला डोस देऊनच बाईला गाडीत बसवता येतं.

दसरा-दिवाळीनंतर मात्र हे सगळं चित्र विस्कटतं. कोयता उचलून जोडपी कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातात, आणि उसाच्या फडाशेजारच्या कोपीत बाळंत झालेल्या बाईकडे कुठल्या आशाताई तिसऱ्या दिवशी जाणार? खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून ती लवकरच कामावर उभी राहते. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल आणि साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला मुकादमाकडून गरोदर बायकांची यादी मिळत असेल, तरच हा पहारा तिच्यापर्यंत पोचेल.

त्या कार्डावरची नोंद पुढेही कामाला येते. हा आजार होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कायमचा रक्तदाब जडण्याची शक्यता इतरांच्या तीन-चार पट आणि हृदयविकाराची दुप्पट असते. पुढच्या खेपेला तो टाळण्यासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने 16 आठवड्यांच्या आत सुरू झाली तर. दोन-तीन वर्षांनी ती बाई पुन्हा सिरसाळ्याच्या केंद्रात तिसऱ्या महिन्यात येईल, तेव्हा मागच्या पाचवीच्या आसपास तिचा रक्तदाब किती होता, हे समोरच्या नर्सताईंना कार्डावर वाचता आलं पाहिजे.