एका आमटीतली तीन गावं

निलंग्याकडच्या घरात चिंच-गुळाची आमटी कशी होते, ते आधी सांगते. तूरडाळ हळद आणि तेलाचा थेंब घालून मऊ शिजवायची, रवीनं घोटायची. चिंच कोमट पाण्यात भिजत घालायची आणि कोळून चोथा बाजूला काढायचा. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता तडतडला की काळा मसाला टाकायचा आणि तो करपायच्या आत चिंचेचा कोळ ओतायचा. मग गूळ, मीठ, घोटलेली डाळ, पाणी. दोन उकळ्या आल्या की वरून मूठभर कोथिंबीर. भाकरी कुस्करून खाताना यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटत नाही.

पण 2024 साली लातूर जिल्ह्यातल्या तीन पदार्थांना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं आणि ते तिन्ही या पातेल्यात आहेत. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर. बोरसुरी आणि पानचिंचोली ही दोन्ही गावं निलंगा तालुक्यातली, आणि कोथिंबिरीसाठी नावाजलेलं आशिव शेजारच्या औसा तालुक्यातलं. हे मानांकन नेमकं काय असतं, ते कसं चालतं आणि त्यातून शेतकऱ्याच्या पदरात काही पडायचं तर काय करावं लागतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

ही कल्पना जिथे पिकली त्या फ्रान्सपासून सुरुवात करू. तिथे वाइनच्या बाटलीवर बहुतेक वेळा द्राक्षाची जात ठळक नसते, गावाचं किंवा परगण्याचं नाव असतं. हे कौतुकापोटी झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं पोखरणाऱ्या किडीनं तिथले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. खरी वाइन कमी पडली तशी बनावट वाइन नामांकित गावांच्या नावानं विकली जाऊ लागली. 1905 साली भेसळीविरुद्ध कायदा झाला, पण तेवढ्यानं भागलं नाही. 1907 मध्ये दक्षिणेतले द्राक्ष-बागायतदार लाखांनी रस्त्यावर आले. 1911 मध्ये शँपेन भागात दंगली झाल्या, कारण बाहेरची द्राक्षं आणून व्यापारी त्यावर शँपेनचं नाव लावत होते. अखेर 1935 साली नावाला कायद्याचं कुंपण घालणारी पद्धत आली आणि पुढच्याच वर्षी आर्बुआ, कॅसिस, शातोनफ-द्यु-पाप, माँबाझिलाक आणि ताव्हेल या पाच गावांच्या वाइन त्यात सर्वांत आधी नोंदल्या गेल्या.

या कुंपणात फक्त हद्द नसते. कोणती जात लावायची, एकरी किती उत्पादन घ्यायचं, काय वापरायचं नाही, हे सगळं लिहिलेलं असतं आणि ते पाळलं जातंय का, याची तपासणी होते. पुढे चीज, मिरची, कडधान्यं यांनाही तीच पद्धत लागू झाली. बास्क प्रांतातल्या एस्पलेट गावची लाल मिरची शरद ऋतूत घरांच्या भिंतींवर माळा करून वाळत घालतात. तिला 2000 साली हे नाव मिळालं आणि आजूबाजूच्या फक्त दहा गावांना ते वापरता येतं.

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते ल प्युई या गावाच्या हिरव्या मसुराचं उदाहरण. ज्वालामुखीच्या जुन्या मातीचा उंच पठारी मुलूख, भोवती डोंगर. ऐन दाणा भरताना तिथे उन्हाळ्याचे कोरडे गरम वारे सुटतात आणि मसूर पुरता पिठूळ व्हायच्या आत वाळतो. त्यामुळे साल पातळ राहते आणि शिजल्यावर दाणा फुटत नाही. 1996 साली त्याला नाव मिळालं, आणि कडधान्याला असं नाव मिळण्याची फ्रान्समधली ती पहिलीच वेळ होती. खारवलेल्या मांसाबरोबर शिजवलेला मसूर हे तिथलं साधं, रोजचं घरगुती जेवण. आपल्या वरणभाताइतकं साधं.

आपली काळी जमीनही ज्वालामुखीचीच लेक आहे. दख्खनच्या बेसॉल्ट कातळाची झीज होऊन ती तयार झाली. ती ओल धरून ठेवते, आणि तुरीचं सोटमूळ खोल जाऊन ती ओल शोधतं. मृगाच्या पावसावर सोयाबीनच्या ओळींमध्ये पेरलेली तूर सोयाबीन निघाल्यावरही रानात उभी राहते आणि डिसेंबर-जानेवारीत हाती येते. पण तुरीची डाळ होणं हे वेगळंच काम आहे. दाण्याची साल आतल्या डाळीला डिंकासारख्या थरानं घट्ट चिकटलेली असते. तो थर सैल करण्यासाठी कुठे तूर भिजवून, लाल मातीचा लेप देऊन उन्हात वाळवतात, तर कुठे तेलाचा हात लावून ऊन देतात. मग भरडायची आणि पाखडायची. सुपात डाळ मागे राहते, साल उडते आणि चुनी गुरांच्या आंबोणात जाते. भिजवून केलेली डाळ शिजायला जास्त वेळ घेते, ही गोष्ट पातेल्यासमोर उभं राहणाऱ्या बाईला कुणी सांगावी लागत नाही. एकाच तुरीच्या दोन डाळी चवीला वेगळ्या लागतात त्या यामुळेही. म्हणून माती आणि हवामानाइतकंच गावातल्या हातांचं कसबही मानांकनाच्या अर्जात मांडावं लागतं.

चिंचेचंही तसंच. पानचिंचोलीच्या तर नावातच चिंच आहे. उन्हाळा लागता लागता झाडं झोडपतात. मग घराघरांत बायका टरफल फोडतात, शिरा ओढून काढतात आणि एकेक चिंचोका वेगळा करतात. बोटं आंबटानं चिरतात. आमटीत आंबटपणा स्वच्छ उतरतो तो या निवडणीमुळे.

आता आपला कायदा. अमेरिकेतल्या एका कंपनीनं 1997 मध्ये बासमतीवर पेटंट मिळवलं आणि आपल्याकडे खळबळ उडाली. 1999 साली भौगोलिक मानांकनाचा कायदा संमत झाला आणि 2003 पासून लागू झाला. नोंदणीचं कार्यालय चेन्नईत आहे आणि पहिला मान दार्जिलिंगच्या चहाचा. अर्ज एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही, उत्पादकांची संस्था किंवा मंडळ लागतं. हद्दीचा नकाशा, पिकाचा इतिहास, चवीचं आणि मातीचं नातं, तपासणीची व्यवस्था हे सगळं द्यावं लागतं. छाननी झाल्यावर अर्ज जर्नलमध्ये छापला जातो, कुणाची हरकत असेल तर ती मागवली जाते आणि मग नोंद होते. ती 10 वर्षं चालते आणि पुन्हा वाढवता येते. हे नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. ट्रेडमार्कचा मालक असतो तसा याला एक मालक नसतो, आणि या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आपल्याकडे बहुतेक गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. संस्थेच्या नावावर मानांकन आलं म्हणजे गावातल्या प्रत्येकाला ते आपोआप लागू होत नाही. ज्याला आपल्या पोत्यावर ते नाव आणि जीआयचं चिन्ह अधिकृतपणे लावायचं असेल, त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. 2020 मध्ये नियम बदलले आणि या अर्जाची फी 10 रुपयांवर आली. म्हणजे पैशाची अडचण उरलेली नाही, माहितीची आहे. सत्काराचे फोटो निघतात, बातमी येते आणि डाळ मात्र आडतीवर नेहमीच्याच ढिगात ओतली जाते. तिथे तिचं गाव पुसलं जातं. पुढे पॉलिश होऊन ती कुठल्याही पाकिटात जाते. ल प्युईच्या मसुराचं गाव पाकिटावर शेवटपर्यंत टिकतं.

निलंग्याचं नाव आज सर्वांत लांब पोचलंय ते निलंगा राईसमुळे. गाडीवरचा झणझणीत मसालेभात, वर फोडणीचं तेल, सोबत कांदा-लिंबू. पुण्यातही या नावाच्या पाट्या दिसतात. शिजवलेल्या पदार्थालाही मानांकन मिळू शकतं. हैदराबादी हलीमला ते 2010 मध्ये मिळालं, रतलामी शेवेलाही मिळालेलं आहे. पण त्यासाठी निलंग्यातल्या गाडीवाल्यांनी एकत्र बसून आपला भात नेमका कसा होतो, हे आधी कागदावर उतरवायला हवं. जोवर ते होत नाही, तोवर कुणीही कुठलाही तिखट भात या नावानं विकू शकतो.

बोरसुरी, पानचिंचोली आणि आशिवच्या शेतकऱ्यांनी यंदाचा माल बाजारात न्यायच्या आधी आपल्या संस्थेकडे वापरकर्त्याचा अर्ज मागावा. आणि लातूर-निलंग्याच्या बाजारात डाळ घेताना आपण भावाआधी गाव विचारावं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा विचारावं.